खोडलेला बाण

जुलैचा शेवटचा आठवडा होता. बाहेर संततधार, वर्गाच्या कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि समोर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची साठेक मुलं. पहिलाच तास. मी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं, अंगठ्याच्या नखावर ठेवून टिचकीनं वर उडवलं आणि परत झेललं. मग फळ्यावर तीन ठिपके काढले. नाणं वर चाललंय तेव्हाचा एक, अगदी वरच्या टोकाला पोचलंय तेव्हाचा दुसरा आणि खाली येतंय तेव्हाचा तिसरा.

"नाणं हातातून सुटल्यानंतरचं विचारतेय," असं दोनदा बजावलं. "हवेचा विरोध धरू नका. तिन्ही ठिकाणी नाण्यावर कोणतं बल आहे, ते बाण काढून दाखवा. कागदावर नाव घालू नका. याला मार्क नाहीत."

दुपारी स्टाफरूममध्ये ते कागद एकेक करून उलटत बसले. वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेनं लांब बाण. काहींनी त्याच्याशेजारी लिहिलं होतं, 'हाताचं बल'. टोकाच्या ठिपक्यावर दोन सारखे बाण, एक वर, एक खाली. किंवा बाणच नाही, नुसतं शून्य. खाली येणाऱ्या नाण्यावर खाली दाखवणारा बाण. बरोबर उत्तर म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच, खाली दाखवणारा, सारख्याच लांबीचा, गुरुत्वाकर्षणाचा बाण. तो काढणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना गणित घातलं. सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल? गुरुत्व त्वरण १० धरा. पाच मिनिटांत जवळजवळ सगळ्यांचं उत्तर आलं, २० मीटर. अगदी बरोबर. सूत्रात त्वरणाच्या जागी सगळ्यांनी उणे चिन्ह घालून गुरुत्व त्वरण लिहिलं होतं, आणि तेही चेंडूच्या सबंध प्रवासाला एकच. म्हणजे वर जाताना, टोकाला आणि खाली येताना त्वरण सारखंच आणि खालीच आहे, असं यांचा हात लिहीत होता. आदल्या दिवशी बाण काढताना मात्र यांचं मन दुसरंच सांगून गेलं होतं. त्वरण खाली असेल तर बलही खालीच हवं, या एवढ्याशा पुलावरून कुणी चालून गेलंच नव्हतं.

मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. त्यातल्या पहिल्या तेरा वर्षांत मी हे नाणं एकदाही उडवलं नाही. गणित घालायचे, उत्तर बरोबर आलं की पुढच्या धड्याकडे जायचे. त्या तेरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांच्या मनात तो वर जाणारा बाण तसाच राहिला असेल, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. मुलं नापास झाली असती तर निदान कळलं तरी असतं. ती चांगल्या मार्कांनी पास होत होती.

नाण्याचा प्रश्न माझा नाही. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना तो विचारून त्यावर लेख लिहिला होता. तिथल्या मुलांनीही हाच वर जाणारा बाण काढला होता. समुद्रापलीकडची मुलं, वेगळी भाषा, वेगळी शाळा, आणि चूक मात्र तंतोतंत तीच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धीर आला होता, हे कबूल करते. नंतर लक्षात आलं की हे धीर येण्यासारखं नाही, खोलात जाण्यासारखं आहे.

कारण ही चूक फार जुनी आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ नावाच्या विद्वानानं फेकलेल्या वस्तूबद्दल असंच मत मांडलं होतं. फेकणारा त्या वस्तूत काहीतरी भरतो, ते 'काहीतरी' तिला पुढे नेतं आणि हवेशी, वजनाशी झगडताना ते खर्ची पडतं. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी ब्युरिदाँचं नाव ऐकलेलं नाही. पण त्यांच्याकडे त्या 'काहीतरी'साठी शब्द तयार आहे. जोर.

आपल्या बोलण्यात जोर अंगात असतो, तो लावता येतो, धरता येतो, ओसरतो, संपतो. विटीला जोर लागला नाही. भोवऱ्याचा जोर संपला की तो डुलायला लागतो. पावसाचासुद्धा जोर ओसरतो. दोन-तीन वर्षांचं असल्यापासून जे मूल असं बोलतंय, त्याला आठवी-नववीत आपण सांगतो की बल ही वस्तूच्या आत असणारी चीज नाही. दोन वस्तूंमध्ये काही घडत असेल तेवढ्यापुरतंच ते असतं, आणि ते घडणं थांबलं की बल नाही. मूल मान डोलावतं. वहीत 'बल' लिहितं, मनात 'जोर' वाचतं.

बाकीचे शब्दही असेच. शाळेच्या पुस्तकात वेग आणि चाल या दोन निरनिराळ्या राशी आहेत. वेगाला दिशा असते, चालीला नसते. घरी मात्र चाल म्हणजे बैलाची, नाहीतर गाण्याची. 'वजन' आणि 'वस्तुमान' यांचं तर विचारूच नका. किराणा दुकानात कुणी कधी वस्तुमान मागितलंय का? सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते 'क्रिया' आणि 'प्रतिक्रिया' या जोडीनं, असं माझं ठाम मत आहे. न्यूटनचा तिसरा नियम माझ्या वर्गात सगळ्यांना झोपेतून उठवलं तरी येतो. पण मराठीत प्रतिक्रिया ही नंतर येते. आधी कुणीतरी काही बोलतो, मग त्यावर प्रतिक्रिया उमटते, आणि ती द्यायची की नाही हे आपल्या हातात असतं. त्यामुळे उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि स्कूटर यांची टक्कर झाली तर जास्त बल कोण लावतो, असं विचारलं की वर्ग एकमुखानं म्हणतो, ट्रॅक्टर. स्कूटर बिचारी काय प्रतिक्रिया देणार! नियम पाठ आहे आणि टक्कर डोळ्यांनी पाहिलेली आहे, पण दोन्हीची भेट कधी झालेली नाही. दोघांवरचं बल सारखंच असतं आणि परिणाम वेगळा होतो तो वस्तुमानामुळे, हे मी आता 'क्रिया', 'प्रतिक्रिया' हे शब्द न वापरता शिकवते. परीक्षेपुरते ते शब्द शेवटी सांगते.

मुलांना काय समजलंय हे तपासायची साधनं आपल्या परीक्षेतही होती, हे विसरून चालणार नाही. 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न आठवा. चालत्या बसमधून उतरणारा प्रवासी पुढच्या दिशेनं पडतो, कारण द्या. ज्यानं कुणी हा प्रश्न पहिल्यांदा काढला, त्याला नक्कीच मुलाच्या मनात डोकवायचं होतं. पण तोच प्रश्न दरवर्षी येत राहिला, गाईडमध्ये त्याचं चार ओळींचं उत्तर छापून आलं, त्यातल्या 'जडत्व' या शब्दाखाली रेघ मारली की मार्क मिळतात हे मुलांना कळलं, आणि कारण देणं संपून कारण आठवणं सुरू झालं. मी स्वतः पेपर तपासताना उत्तरात 'जडत्व' शोधत आले आहे. गठ्ठ्यात दोनशे पेपर असले आणि मुदत चार दिवसांची असली की डोळा तो एक शब्द शोधतो आणि हात टिक करतो. ही माझीही चूक आहे, आणि ती मी बरीच वर्षं केली.

मला जागं केलं ते एका परिसंवादात मिळालेल्या झेरॉक्सच्या जाडजूड गठ्ठ्यानं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठात इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. पुढे १९९२ साली हेस्टेनिस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी तिच्यातून 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी', म्हणजे बलाच्या संकल्पनेची चाचणी, बनवली. यातले वेल्स शाळेत शिकवणारे शिक्षक होते, याचा मला विशेष आनंद आहे. तिच्यात आज ३० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय. सूत्र नाही, आकडेमोड नाही. दगड पडतोय, चेंडू फिरतोय, दोन गाड्या एकमेकींवर आदळतायत. पुढे काय होईल ते साध्या भाषेत विचारलंय. ती उघड्यावर छापायची नाही असा शिक्षकांमधला संकेत आहे, म्हणून तिच्यातला एकही प्रश्न इथे देत नाही.

त्या चाचणीची खरी करामत तिच्या चुकीच्या पर्यायांत आहे. आपण बहुपर्यायी प्रश्न काढतो तेव्हा बरोबर उत्तर लिहितो आणि बाकीचे तीन पर्याय भरती म्हणून घालतो. या लोकांनी आधी विद्यार्थ्यांना मोकळे प्रश्न विचारले, त्यांच्याशी समोरासमोर बोलले, ती काय काय म्हणतात ते टिपलं, आणि मुलांच्या तोंडची चुकीची उत्तरंच पर्याय म्हणून मांडली. त्यामुळे मूल चुकतं तेव्हा ते नेमकं कोणत्या वाटेनं गेलं ते दिसतं. पेपर तपासून बाजूला ठेवला की आपण चुकीचं उत्तर फेकून देतो. इथे चुकीचं उत्तर हाच ऐवज आहे.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांची गोष्ट भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या पुष्कळांना माहीत आहे, तरी सांगते. माझूर लोकप्रिय शिक्षक होते, त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते. हल्लून-हेस्टेनिस यांचे लेख वाचून त्यांना वाटलं, आपल्या विद्यार्थ्यांना हे प्रश्न म्हणजे हातचा मळ. चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत तसं की मला स्वतःला वाटतं तसं?

हा प्रश्न मी कित्येक वेळा मनात मराठीतून ऐकला आहे. त्या मुलीनं प्रामाणिकपणे दोन खाती दाखवली. एक सरांचं, एक तिचं. सरांच्या खात्यावर परीक्षा चालते, तिच्या खात्यावर आयुष्य. शिक्षकाची परीक्षा कशानं होत असेल तर ती दोन खाती एक झाली का यानं. आणि आपली नेहमीची प्रश्नपत्रिका फक्त पहिलं खातं तपासते.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले. त्यांचं माप मला फार आवडतं, कारण ते न्याय्य आहे. सत्राच्या सुरुवातीला मुलाला जे येत नव्हतं, त्यातलं किती सत्राच्या शेवटी आलं, एवढंच ते मोजतं. शंभरातले चाळीस आधीच येत असतील तर उरलेल्या साठांपैकी किती कमावले, ते बघायचं. व्याख्यान, ठरावीक प्रॅक्टिकल, गणितांची परीक्षा अशा नेहमीच्या पद्धतीनं शिकवलेल्या १४ अभ्यासक्रमांत ही कमाई सरासरी ०.२३ निघाली. जिथे वर्गातच मुलांना विचार करायला, बोलायला, लगेच चूक कळायला वाव होता, अशा ४८ अभ्यासक्रमांत ती ०.४८ होती. पाव भाग नि जवळपास अर्धा. आणि हा फरक व्याख्यान रंगलं की नाही, यावर अवलंबून नव्हता.

आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या वाटेनं काम झालं आहे. पानसे, रामदास आणि अरविंद कुमार यांनी १९९४ साली सापेक्ष गतीबद्दलच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनांवर लेख लिहिला. गती जिच्या आधारानं मोजायची ती संदर्भ चौकट खरं तर कुठवरही पसरलेली असते. पण ती म्हणजे वस्तूला जोडलेली, तिच्या आकाराएवढीच जागा असं पदवीच्या विद्यार्थ्यांनाही वाटतं, हे त्यातून मला पहिल्यांदा कळलं. मी वर्गात विचारून बघितलं. एसटी ही एक चौकट. खिडकीबाहेरचं झाड या चौकटीत आहे का? "नाही मॅडम, ते बाहेर आहे ना." इतकी वर्षं मी फळ्यावर दोन अक्ष काढून चौकट शिकवत होते आणि मुलं एसटीची चौकट म्हणजे एसटीचा पत्रा समजत होती.

आता बल्बांकडे येते, कारण माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला दिवस बल्बांचा होता.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटानं अनेक वर्षं विचारलेला एक प्रश्न आहे. पाच सारखे बल्ब, सारख्या आदर्श बॅटऱ्या. एका बॅटरीला एकच बल्ब. दुसरीला दोन बल्ब एकापुढे एक, एकसरीत. तिसरीला दोन बल्ब समांतर. पाचही बल्बांचा उजेडानुसार क्रम लावा. यात एकही आकडा नाही. तरीही विद्यापीठातल्या नेहमीच्या वर्गात साधारण १५ टक्केच विद्यार्थी बरोबर क्रम लावतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. बरोबर उत्तर असं की एकटा बल्ब आणि समांतरातले दोन्ही बल्ब सारखेच पेटतात, आणि एकसरीतले दोन्ही एकमेकांसारखे पण मंद.

हे प्रत्यक्ष दाखवायचं तर टॉर्चचे जुने बल्ब हवेत. एलईडी आल्यापासून ते मिळणं मुश्कील झालंय. बाजारपेठेतल्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माळ्यावरून एक धुळकट खोका निघाला, तो मी सगळाच घेतला. आधी मुलांकडून क्रम लिहून घेतला. बहुतेकांचं म्हणणं, एकसरीतला पहिला बल्ब जास्त पेटणार आणि दुसरा कमी, कारण पहिल्यात करंट खर्च होऊन उरलेला दुसऱ्याला मिळणार. समांतरातल्या दोघांना अर्धा अर्धा, म्हणून तेही मंद.

मग जोडणी केली. खिडक्या लावल्या, अंधार केला. एकसरीतले दोन्ही बल्ब सारखेच मंद पेटले. वर्ग गप्प. एका मुलीनं पुढे येऊन दोन बल्बांची अदलाबदल करून पाहिली, तिला एक बल्ब खराब असावा असं वाटलं होतं. तरी सारखेच. मग करंट मोजणारा अँमीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे लावला, मग दोघांच्या मध्ये, मग शेवटी. तिन्ही ठिकाणी तेच वाचन. करंट कुठेही कमी झालेला नव्हता.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, करंट खर्च होत नाही ना? मग आमच्याकडं बिल कशाचं येतं?"

बावीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्याच्या मनातली 'करंट खर्च होतो' ही समजूत वेडगळ नव्हती. दर महिन्याला दारात येणाऱ्या कागदानं ती पक्की केलेली होती. काहीतरी खर्च होतं, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त खर्च होणाऱ्या गोष्टीचं नाव चुकलं होतं. बिलावर जे 'युनिट' असतं ते एक किलोवॉट तास, म्हणजे ऊर्जा. विद्युतधारा, म्हणजे करंट, जेवढी आत जाते तेवढीच बाहेर पडते. ती जाताना जी ऊर्जा बल्बात सोडते ती उजेड आणि उष्णता होऊन निघून जाते, आणि पैसे तिचे. त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. आम्ही पंख्यापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत गेलो. कोणत्याही बहुपर्यायी चाचणीत त्या मुलाची नोंद 'चूक' अशीच झाली असती. आणि चाचणी घेतली नसती तर तो प्रश्नही बाहेर आला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम सांभाळायच्या आहेत.

असाच एक पर्याय मी आयुष्यभर विसरणार नाही. सपाट रस्त्यावर सारख्याच वेगानं गाडी ओढायची असेल तर ओढणारं बल घर्षणापेक्षा जास्त हवं, की घर्षणाइतकंच? बरोबर उत्तर, तितकंच. एकानं 'जास्त' निवडलं. मी अलीकडे प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी कारण लिहायला लावते, म्हणून कळलं. त्यानं लिहिलं होतं की फडातून गाडी निघताना बैलांना गुडघे टेकायची वेळ येते, मग रस्त्याला लागली की बैल नुसते चालतात. म्हणजे गाडी हलवायला बल जास्त लागतं आणि चालू राहायला कमी, हे त्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यानं प्रश्न 'गाडी ओढायला काय लागतं' असा वाचला आणि गाडी जिथून निघते तिथून विचार सुरू केला. टिक-फुलीच्या तक्त्यात तो आणि जोर संपतो असं मानणारा मुलगा एकाच रकान्यात पडले असते. उलट, बरोबर पर्याय निवडणाऱ्या एका मुलीनं खाली लिहिलं होतं, 'मागच्या वर्षी क्लासच्या टेस्टला हेच आलं होतं.'

ज्यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' बनवली त्यांच्यावरही असे आक्षेप आले. हफमन आणि हेलर यांनी १९९५ साली विचारलं की या प्रश्नांतून 'बल' नावाची एक सलग संकल्पना मोजली जाते, की वेगवेगळ्या प्रसंगांतले सुटे सुटे तुकडे? मला वाटतं, मुलांच्या मनात ती सलग नसतेच, सुरुवातीला तर नाहीच. नाण्याच्या बाबतीत बरोबर बाण काढणारं मूल क्रिकेटचा चेंडू म्हटलं की परत वरचा बाण काढतं. म्हणून मी एका प्रश्नावर विसंबत नाही. नाणं, चेंडू, कारंजाचं पाणी, गोफणीतला दगड, असं पुन्हा पुन्हा वेगळ्या वेषात विचारते.

सगळे म्हणतात, गणितं भरपूर सोडवा, समज आपोआप येते. क्लासवाल्यांची जाहिरातच ही असते, आणि पालकांचाही त्यावर विश्वास आहे. दक्षिण कोरियातल्या किम आणि पाक यांनी २००२ साली याचीच तपासणी केली. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या २७ विद्यार्थ्यांनी त्यांच्याच अंदाजानं सरासरी १५०० गणितं सोडवली होती. कुणी ३००, कुणी २९००. तरीही यांत्रिकीतल्या, म्हणजे बल आणि गतीच्या, मूलभूत संकल्पनांच्या नेहमीच्या अडचणी शिल्लक होत्या, आणि जास्त गणितं सोडवलेल्यांची समज जास्त, असं दिसलं नाही. सीईटी, जेईई, नीट यांच्यासाठी पहाटे पाचला सायकल काढणारी आमची मुलं आठवली की मला हे वाचताना गलबलून येतं. त्यांच्या कष्टांत काही कमी नाही.

पण संकल्पनांची चाचणी हेही शेवटचं उत्तर नाही, हे सांगितलं नाही तर लेख खोटा होईल. २००९ साली लेई बाओ आणि सहकाऱ्यांनी चीन आणि अमेरिकेतल्या विद्यापीठात नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. बलाच्या चाचणीत चिनी मुलांची सरासरी ८६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकन मुलांची ४९. चिनी मुलं शाळेत कित्येक वर्षं सलग भौतिकशास्त्र शिकलेली. पण शास्त्रीय तर्कशक्तीच्या सर्वसाधारण चाचणीत दोन्ही देश बरोबरीत, ७५ टक्क्यांपाशी. म्हणजे संकल्पनाही पक्क्या करून घेता येतात आणि तरी विचार करणं वाढेलच असं नाही. उद्या संकल्पनांच्या चाचणीला मार्क लागले तर तिचंही गाईड निघेल. म्हणून मी तिला मार्क देत नाही, आणि कधी देणारही नाही.

मग मी करते तरी काय? फार काही नाही. तासाला एक किंवा दोनच प्रश्न. मुलांकडे चार रंगांची कार्डं आहेत, त्यांनी स्वतः कापलेली. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून कार्ड उंचवायचं. वर्गात दोन-तीन रंग दिसले की मी बोलत नाही, फक्त सांगते, वेगळ्या रंगवाल्याला गाठा आणि त्याला पटवा. ही माझूर यांचीच पद्धत. पहिल्या वेळी इतका गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी त्या गलक्यात फिरत ऐकत होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकणारी ही मुलं मराठीत भांडत होती. "अरे पण हात कुठाय आता?" "हात नाही पण हातानं दिलेलं हाय की!" "दिलेलं म्हंजे काय, उधारी हाय का ती?" सातशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसचा वाद माझ्या वर्गात, आमच्या बोलीत चालला होता. पाच मिनिटांनी पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा रंग बदलले होते. सगळे नाही, पण बरेच. मी एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

यात अभ्यासक्रम मागे पडतो. दरवर्षी शेवटचे दोन धडे मला धावत घ्यावे लागतात आणि ते वाईट शिकवले जातात. यावर माझ्याकडे उपाय नाही. तरी मी हे सोडणार नाही.

नोव्हेंबरात सत्राच्या शेवटी परत तेच नाणं विचारलं. या वेळी कागदावर रोल नंबर घालायला लावले, कारण मला कुणाचं काय झालं ते बघायचं होतं. पेन्सिलनं काढा म्हटलं होतं. निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलांनी तिन्ही ठिपक्यांवर खाली जाणारा एकच बाण काढला होता. त्यातल्या एका कागदावर वर जाणाऱ्या नाण्याच्या ठिपक्यापाशी कागद जरा खरखरीत लागला. खिडकीशी नेऊन तिरका धरला तर खोडलेला वरचा बाण दिसला. दाबून काढलेला, चांगला लांब, टोकाशी 'हाताचं' एवढं लिहून खोडलेलं. रोल नंबर त्याच मुलाचा होता, ज्यानं बिलाचं विचारलं होतं.

गुणतक्त्यात कधीच बाण न काढणारा आणि काढून खोडणारा यांना एकच खूण मिळते. मी दुसऱ्या दिवशी त्याला तास संपल्यावर थांबवून घेतलं.

"हा बाण का खोडलास?"

तो जरा घाबरला. "चुकला का मॅडम?"

"नाही रे, आताचं उत्तर बरोबर आहे. पण खोडलास का, ते सांग."

"लिहायला लागलो 'हाताचं बल' म्हणून. मग म्हटलं, हात कुठाय? नाणं तर सुटलंय. मग ते बल लावतंय कोण? कोणच नाही. म्हणून खोडला." थोडा थांबला आणि फळ्याकडे बघत म्हणाला, "पण मॅडम, मग ते वर जातंय ते कशामुळं?"

मी रजिस्टर मिटलं, पुढचा बाक ओढला आणि त्याला बस म्हटलं.